पांढरे कोंब, मिरगाचे कोंब

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जाईपर्यंत कोंबाची भाजी म्हणून मला फक्त बांबूचे वास्ते माहीत होते, तेही ऐकून. मुदखेडला पावसाळ्यात आमच्या दारावर तरोटा, कुर्डू, पाथरी, घोळ, करटुली येतात. पानं खायची, फळं खायची, शेंगा खायच्या. जमिनीतून वर निघणारा कोंब उजेड दिसायच्या आधीच कापून घ्यायचा आणि तो शिजवायचा, असं काही मी पाहिलं नव्हतं. जाताना सामानात डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा बांधला आणि नांदेडच्या आयुर्वेदिक दुकानातून शतावरी कल्प घेतला. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्या घरी तो दुधातून द्यायची रीत आहे. माझ्या आईनं मला दिला, मी लेकीला देणार होते. शतावरी म्हणजे नेमकं कोणतं झाड, ते कुठं उगवतं, कसं दिसतं, हे मात्र मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. डब्यातली गोड भुकटी एवढीच माझी शतावरी.

लेक राहते हायडेलबर्गच्या जवळ, श्वेत्सिंगन नावाच्या गावाच्या शेजारी. मी पोचले तेव्हा एप्रिल संपत आला होता. विमानतळावरून घरी जाताना रस्त्याच्या कडेला लाकडी टपऱ्या दिसत होत्या, आणि प्रत्येक टपरीत दोनच गोष्टी: स्ट्रॉबेरी आणि पांढऱ्या कांड्यांच्या जुड्या. अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब, टोकाला खवल्याखवल्यांचा शेंडा. गावातल्या हॉटेलांच्या दारात पाट्या, आत या एकाच भाजीचं वेगळं पदार्थपत्रक. जावई म्हणाले, "आई, याला श्पार्गेल म्हणतात. आता दोन महिने इथं दुसरं काही ऐकू येणार नाही." मी विचारलं, कशाचं मूळ आहे हे? ते म्हणाले, मूळ नाही, कोंब आहे. पुढचा प्रश्न मला सुचलाच नाही, कारण कोंब इतका जाड आणि इतका पांढरा असू शकतो हेच मनात बसत नव्हतं.

उत्तर मिळालं ते सुईणीकडून. तिकडे बाळंतपणानंतर सुईण घरी येऊन आईला आणि बाळाला तपासते, तिचा खर्च विम्यातून होतो. ती शांतपणे बसून सगळं विचारते: झोप किती, अंगावर किती वेळा पाजतेस, खाण्यात काय आहे. लेकीनं माझा कल्पाचा डबा तिच्यापुढे ठेवला. डब्यावर बारीक अक्षरात वनस्पतीचं शास्त्रीय नाव होतं, अ‍ॅस्परागस रेसिमोसस. तिनं ते मोठ्यानं वाचलं, मग ओट्यावर पडलेल्या पांढऱ्या जुडीकडे बोट केलं आणि म्हणाली, ही अ‍ॅस्परागस ऑफिसिनॅलिस. कुळ एकच, जाती दोन. कल्पाबद्दल तिनं सांगितलं की आधी डॉक्टरांना दाखवा. दूध वाढतं ते मुख्यतः बाळाला वरचेवर पाजल्यानं. मला तिचं म्हणणं पटलं. पण त्या दिवशी माझं अर्धं लक्ष जुडीतच होतं. इतक्या लांबून मी जे औषध म्हणून आणलं, त्याचीच चुलत बहीण इथं ओट्यावर भाजी होऊन पडली होती.

मग मला ती पिकते कशी ते बघायचंच होतं. एका सकाळी जावयांनी गाडीनं शेतावर नेलं. जमीन भुसभुशीत, वाळूची; मूठभर उचलली तर बोटांतून गळून गेली. आपल्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला अशा जमिनीत काही पिकेल यावर विश्वासच बसत नाही. लांबच लांब वरंबे, गुडघ्याएवढे उंच, त्यांवर काळा प्लास्टिकचा कागद. मजूर कागद उचलत, वरंब्याच्या माथ्यावर माती कुठं तडकलीय ते बघत, तिथं दोन बोटं खुपसून कोंबाच्या बाजूची माती मोकळी करत, आणि लांब पात्याच्या हत्यारानं खोल आतून तो कापत. कोंब टोपलीत गेला की लगेच तो खड्डा भरून वरंबा थापीनं पुन्हा गुळगुळीत करत. असं का? कारण पुढचा कोंब येईल तेव्हा पुन्हा तडा दिसला पाहिजे. एकेक कोंब माणसाच्या हातानं, वाकून. मजूर बहुतेक रुमानिया आणि पोलंडचे. 2020 मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या तेव्हा या हंगामासाठी रुमानियातून मजूर विमानानं आणले होते, असं जावयांनी सांगितलं. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांपुढे आल्या.

पांढरेपणाचं कोडं तिथंच सुटलं. कोंबाला उजेड लागला की तो हिरवा होतो. हिरवी अ‍ॅस्परागस म्हणून जी मिळते ती याच झाडाची, उघड्यावर वाढवलेली. उजेड लागू दिला नाही तर हरितद्रव्य तयारच होत नाही. म्हणून वर मातीचा ढीग. माथ्यातून शेंडा जरा जरी बाहेर डोकावला तरी तो आधी जांभळा होतो, मग हिरवट. प्लास्टिकच्या कागदाला एक बाजू काळी, एक पांढरी. गारठा असेल तर काळी बाजू वर करतात, माती तापते, कोंब लवकर येतात. उन्हं वाढली की पांढरी बाजू वर, म्हणजे सगळे कोंब एकदम यायला नकोत. मी हे सगळं फार मोठं परदेशी शास्त्र म्हणून ऐकत होते. मग एकाएकी लक्षात आलं, हे तर भर लावणं आहे! आमचे दीर बारडच्या शेतात हळदीला भर लावतात, वरंब्याला माती चढवतात, तेच. फरक इतकाच की हळदीची भर गड्ड्यासाठी आणि यांची कोंबासाठी. आयुष्यभर शेताच्या कडेला राहून मी त्या कामाकडे एवढ्या बारकाईनं कधी बघितलं नव्हतं, ते मला तिकडे जाऊन बघावंसं वाटलं.

विकत घेणं हेही शिकावं लागलं. जाडीप्रमाणे प्रत आणि प्रतीप्रमाणे भाव. हंगामाच्या तोंडावर भाव चढा, मेच्या मध्यानंतर उतरतो. वाकडे, तुटके, बारीक कोंब स्वस्त. सूपासाठी तेच घ्यावेत. ताजेपणा बघायचा कसा? टपरीवरच्या बाईंनी दोन कोंब हातात घेऊन एकमेकांवर घासले. कुईं असा आवाज आला. आवाज आला तर ताजे, नाही आला तर शिळे. कापलेलं बूड दाबलं की ओलं लागलं पाहिजे. घरी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायचे. बाजारात वांगी दाबून, भेंडी मोडून बघणाऱ्या बायकांना ही परीक्षा लगेच जमते. मी टपरीपुढे उभी राहून कोंब घासले तेव्हा त्या बाईंनी समाधानानं मान हलवली, आणि मला त्यांची भाषा येत नाही याचं पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

सोलण्यात मात्र हात बसेना. हिरव्या अ‍ॅस्परागसला सोलावं लागत नाही म्हणे. पांढऱ्याची साल चिवट असते. शेंड्याच्या दोन बोटं खाली सुरुवात करायची, सोलाणं बुडाकडे ओढत आणायचं, सगळीकडून फिरवत. कोंब हवेत धरला तर मोडतो, म्हणून तळहातावर किंवा पाटावर आडवा ठेवायचा. मी वाया जाऊ नये म्हणून साल अगदी पातळ काढली. शिजल्यावर शेंडा लोण्यासारखा विरघळला आणि बुडखा तोंडात दोऱ्या-दोऱ्या होऊन राहिला. लेकीनं न बोलता पुढच्या जुडीतला एक कोंब घेऊन सोलून दाखवला: शेंड्याकडे पातळ, बुडाकडे जाड, आणि बुडाचा इंचभर तुकडा सरळ कापून टाकलेला. टाकायचं म्हणजे फेकायचं नाही. साली आणि बुडखे पाण्यात उकळून ते पाणी गाळून ठेवतात, त्याचं सूप करतात, किंवा त्याच पाण्यात कोंब शिजवतात. ही काटकसर मला फार आवडली. कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी करणाऱ्या, दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घरातली मी; सालींचं सूप पाहून परकेपणा बराच गेला.

शिजवायला खास उभं, अरुंद भांडं मिळतं. त्यात कोंब उभे राहतात, बुडखे पाण्यात, शेंडे वाफेवर. लेकीकडे ते नव्हतं, पसरट पातेल्यात आडवे टाकले तरी चालतं. पाण्यात मीठ, चिमूटभर साखर, थोडं लोणी, कुणी लिंबाचा तुकडा टाकतं. दहा-पंधरा मिनिटं. कोंब चमच्यावर उचलला की दोन्ही टोकं किंचित झुकली पाहिजेत. पुरता लोंबला तर जास्त शिजला. सोबत उकडलेले बटाटे, वर वितळलेलं लोणी, किंवा अंड्याच्या पिवळ्या बलकाचं आणि लोण्याचं दाट आंबूस हॉलंडेज. बहुतेक घरांत सोबत डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या असतात; आमच्या ताटात त्या नव्हत्या. त्या भागात आणखी एक पदार्थ देतात, क्रात्सेटे: अंडं आणि मैद्याचं जाडसर धिरडं करून तव्यातच उलथन्यानं त्याचे तुकडे करायचे. बाळ झोपलं असताना स्वयंपाकघरात उभ्यानंच मी ते धिरडं आणि तो कोंब खाल्ला.

चव कशी होती ते सांगायला मी बरेच दिवस शब्द शोधत होते. पहिल्या घासाला वाटलं, यात काय आहे? तिखट नाही, आंबट नाही, फोडणी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जिभेला सवय झाली आणि मागून येणारा बारीक कडवटपणा कळायला लागला, त्याच्या आधी किंचित गोडी. जोरदार चवीवर वाढलेल्या माझ्या जिभेला हळू बोलणारी भाजी ऐकायला वेळ लागला, एवढंच. मेच्या अखेरीस मी स्वतः टपरीवर जाऊन जुडी आणत होते.

श्वेत्सिंगनला मोठा राजवाडा आणि बाग आहे. त्या बागेत 1668 पासून ही भाजी लावत आले, असं गाव अभिमानानं सांगतं. राजवाड्यापुढच्या चौकात कोंब विकणाऱ्या बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. राजाचा नाही, सेनापतीचा नाही, भाजीवालीचा. मुदखेड-बारड भागातल्या गुलाब-झेंडूच्या फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्या बायका मला आठवल्या. त्यांच्यापैकी एकीचा पुतळा स्टेशनसमोर उभा राहिला तर किती चांगलं दिसेल, असं मला मनापासून वाटलं, अजूनही वाटतं.

आणि मग 24 जून आला. त्या दिवशी तिकडे संत योहानचा दिवस असतो आणि पांढऱ्या कोंबांची काढणी थांबते. टपऱ्यांच्या फळ्या लागल्या. शेतात अजून कोंब येत होते, गिऱ्हाईक होतं, भावही बरा होता, तरी बंद. मी जावयांना विचारलं, सरकारचा कायदा आहे का? ते म्हणाले, कायदा नाही, पण न थांबणारा शेतकरी पुढच्या वर्षी रडतो. जमिनीखाली मुळांचा गड्डा असतो, मागच्या वर्षीचं अन्न त्यात साठलेलं. प्रत्येक कोंब त्या साठ्यातून निघतो. कापत राहिलं तर साठा संपतो. म्हणून जूनअखेर उरलेले कोंब मोकळे सोडतात, ते माणसाच्या छातीपर्यंत वाढतात, बारीक सुयांसारख्या फांद्यांनी भरून हिरवेगार होतात, आणि शरद ऋतूपर्यंत उन्हातून अन्न करून मुळांत भरतात. नवीन लागवडीत तर पहिली दोन वर्षं कोंब काढतच नाहीत. मग पुढं आठ-दहा वर्षं तीच मुळं पीक देतात. दोन महिन्यांचा तो सगळा आनंद दहा महिन्यांच्या संयमावर उभा आहे, हे मला त्या बंद टपऱ्यांपुढे समजलं.

घरी येऊन कॅलेंडर उघडलं. 24 जून म्हणजे आपल्याकडे मृग संपून आर्द्रा नुकत्याच लागलेल्या असतात. यांचा हंगाम मिटतो तेव्हा आपला पाऊस सुरू झालेला असतो. आणि शतावरी आपल्याकडे रानात आहे. मग तिलाही कोंब येत असतील की! ही गोष्ट मला इतकी नवी वाटली की मी रात्रीच दिरांना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, शतावरी तर औषधाची असते. तिची भाजी कोण करतंय?"

जुलैत परत आले. आल्या आल्या शोध सुरू केला, पण कुणाला काय विचारायचं तेच कळत नव्हतं. फुलांच्या व्यापाऱ्याकडे गेले, तर त्यांनी अ‍ॅस्परागस म्हणून पुष्पगुच्छात भरायची मऊ हिरवी झालर पुढे केली. तीही याच कुळातली, पण शोभेची, खायची नव्हे. रोपवाटिकेत शतावरीचं रोप मिळालं, तेव्हा झाड पहिल्यांदा नीट पाहिलं. पानं म्हणून ज्या हिरव्या सुया दिसतात त्या पानं नसतातच, त्या बारीक झालेल्या फांद्या असतात. खरं पान म्हणजे कोंबावरचा तो इवलासा खवला. खोडाला मागं वळलेले काटे. खाली पांढऱ्या, लांबट, मांसल मुळांचा झुबका, त्यावरूनच तिला शतमुळी म्हणतात. ऑगस्टमध्ये नांदेडला कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरला तिथंही गेले. रानभाज्यांनी टेबलं भरली होती, पण शतावरीचे कोंब नव्हते. एका टेबलामागच्या बाईंनी सांगितलं, "तिचे दिवस निघून गेले. आता येल झाला." जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, 9 ऑगस्टच्या आसपास हे महोत्सव होतात. या भाजीला तोवर दीड महिना उशीर झालेला असतो.

ज्यांनी मला खरं शिकवलं त्या अक्का मुदखेडच्या आठवडी बाजारात भेटल्या. भोकरच्या बाजूनं, आदिलाबादकडून येणाऱ्या गाडीनं त्या करटुली आणि वाघाटी घेऊन येतात. आषाढी एकादशीचा उपास सोडताना बारशीला वाघाट्याची भाजी करतात, त्यामुळे त्या आठवड्यात त्यांच्याभोवती गर्दी असते. मी दरवेळी पाटीत वाकून बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय शोधूलालाव बाई?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता कुठं गावतंय ते? मिरगात यायचं असतंय. पाऊस पडला की चार दिसांत कोंब निघतंय, आठ दिसांत काटा धरतंय."

पुढच्या जूनमध्ये मी आकाशाकडे बघत बसले. मृग कोरडा जाईल की काय अशी धास्ती पेरणीवाल्यांना असते तशी मला एका भाजीसाठी होती. पाऊस झाला. अक्कांना गाडीभाडं देऊन बारडच्या शेतावर बोलावलं, म्हटलं रानात जाण्याआधी शेताचे बांध बघून घेऊ. दीर म्हणाले, बांधावर काही नाही, बोरीचं आणि काट्यांचं झुडूप आहे, दरवर्षी उन्हाळ्यात पेटवून देतो. अक्कांनी त्याच बोरीच्या बुडाशी काठीनं पालापाचोळा सारला. जळक्या काड्यांच्या मधून पेन्सिलीएवढे जाड, हिरवट-जांभळे कोंब सरळ वर आले होते, टोकाला तसेच खवले. शतावरी आमच्याच बांधावर होती. दीर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आता नाही पेटवणार."

अक्कांनी तोडायच्या आधी मला शेजारीच उगवलेला दुसरा एक कोंब दाखवला. रुंद पानं, पानाचं टोक लांब होऊन तारेसारखं वळलेलं. "ही कळलावी. हिला हात लावायचा न्हाई." कळलावीलाच आपल्याकडे खड्यानागही म्हणतात. पुढं तिला लाल-पिवळी फुलं येतात, पण सगळं झाड विषारी, कंद तर फारच. त्यातल्या कोल्चिसिननं माणूस दगावतो. तीही याच दिवसांत, याच बांधावर जमिनीतून डोकं काढते. अक्कांची ओळखायची रीत सोपी होती: "आपल्या कोंबाला पान नसतंय. पान दिसलं की सोडून द्यायचं." तरी मी वाचणाऱ्यांना सांगेन, जाणत्या माणसाशिवाय रानातला कोंब तोडू नका. मीही एकटी गेले असते तर पाटीत काय भरलं असतं, याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो.

तोडायची पद्धत अशी: कोंब शेंड्याकडून धरून हलकेच वाकवायचा, तो जिथं आपोआप कट्कन मोडतो तिथंवर कोवळा. त्याखालचं तिथंच राहू द्यायचं. विळा नको, उपटणं तर नकोच, कारण मुळाला धक्का बसतो. औषधासाठी मुळं लागतात म्हणून लोक अख्खं झाडच खणून नेतात, त्यामुळे भोकरच्या डोंगराकडे शतावरी कमी झाली, असं अक्का म्हणाल्या. त्यांनी एका वेलाचे चार-दोन कोंब घेतले आणि थांबल्या. मी आणखी दोन दाखवले. "पहिले कोंब आपले," त्या म्हणाल्या, "मागून येणारे येलाचे." श्वेत्सिंगनच्या शेतकऱ्यांनी 24 जूनला टपऱ्या बंद केल्या होत्या त्याचं कारण अक्कांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते माहीत होतं.

घरी आणून खवले आणि कोवळे काटे नखानं काढले, बोटभर तुकडे केले. एक उकळी देऊन पाणी टाकून दिलं, म्हणजे कडूपणा उतरतो. भिजवलेली मुगाची डाळ, लसूण, हिरवी मिरची, कांदा, थोडी हळद, वरून शेंगदाण्याचा कूट. ज्वारीची भाकरी. कडवटपणा होता, पण ओळखीचा; तिकडच्या पांढऱ्या कोंबाच्या शेवटी जो जाणवायचा तोच, जास्त ठळक. थोडे कोंब मी तिकडच्यासारखे नुसते मिठाच्या पाण्यात शिजवून वर साजूक तूप घालूनही पाहिले. बारीक असल्यानं पाच मिनिटांतच झाले. घरच्यांनी डाळीची भाजी पसंत केली, मी तुपातली.

मग पांढरे करायचा नाद लागला. दिरांनी हौसेनं एका वेलाच्या बुडाशी हळदीसारखी भर लावली. पण आमची माती काळी. पावसात चिखल झाली, मग पावसानं ओढ दिली तशी घट्ट होऊन भेगाळली, आणि कोंब आडवा वळून भेगेतून बाहेर आला, हिरवाच. त्या वाळूच्या जमिनीचं मोल मला तेव्हा कळलं. दुसऱ्या वेलाला कोंब डोकं काढतोय तोच एक जुना माठ उपडा घातला, कडेनं माती दाबून उजेड बंद केला. काही दिवसांनी माठ उचलला तर कोंब फिकट पिवळसर पांढरा, शेंड्याला नुसती जांभळी छटा. शिजवला, तूप घातलं. कडूपणा मला बराच कमी वाटला. तिकडच्या कोंबाच्या जाडीला तो कधी पोचणार नाही. ती जात वेगळी, शेकडो वर्षं निवडत आणलेली. पण मुदखेड तालुक्यातल्या बांधावरची पांढरी शतावरी मी खाल्ली.

माठ पुन्हा घातला नाही. वेल बोरीवर चढू दिला. पावसाळा सरल्यावर त्याला पांढरी बारीक सुगंधी फुलं आली, नंतर लाल फळं. उन्हाळ्याआधी दिरांनी त्यांचं बी काढून ठेवलं. यंदाच्या जूनमध्ये आम्ही वाळू आणि शेणखत मिसळलेल्या वाफ्यात ते टाकलं आहे. उगवण सावकाश आहे, अजून काही जागी माती उघडीच दिसते. रोपं हळदीच्या ठिबकच्या कडेला न्यायची, पहिली दोन वर्षं एकही कोंब मोडायचा नाही, असं दिरांशी ठरलं आहे.

लेक दरवर्षी डिसेंबरच्या सुट्टीत येते. तिला फोन करून सांगितलं, तिसऱ्या वर्षी नातवाला घेऊन मिरगात ये. ती म्हणाली, आई, तिकीट आधी काढावं लागतं, पावसाची तारीख कशी कळणार? मी म्हटलं, 8 जूनच्या पुढचं काढ आणि परतीचं आर्द्रा लागल्यावरचं.